मालकाची मुलं 'ताई' म्हणतात, म्हणून ती घरची होते का?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या आहेत. पूर्वेला नारायणगाव, मंचरच्या बाजारपेठा. मजुरीसाठी माणसं पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात. समजा, अशा कुटुंबातली १२ वर्षांची मुलगी एखाद्या घरी बाळ सांभाळायला ठेवली. मालकाची मुलं तिला 'ताई' म्हणतात, तिच्याशी खेळतात. पण सकाळी ती शाळेत जातात आणि ताई भांडी घासते. खेळात भांडण झालं, तर गप्प तिलाच बसावं लागतं.

'ती आमच्या घरातलीच आहे,' असं मालक सांगतात. कायदा काय म्हणतो?

१४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतरही शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची सूट आहे. पण कायद्यातलं कुटुंब म्हणजे आई-वडील, भावंडं, काका-आत्या आणि मामा-मावशी. मानलेली ताई त्यात बसत नाही. तिला कामावर ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

१४ ते १८ वयोगटाला मात्र या कायद्यात फक्त धोकादायक कामांची बंदी आहे. घरकाम त्यात येत नाही. म्हणजे १४ वर्षं पूर्ण होताच ताईचं हे संरक्षण संपतं, काम तेच राहतं.

असं मूल दिसलं, तर १०९८ वर मोफत फोन करता येतो. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत निवासी आश्रमशाळाही आहेत. ताईची जागा तिथल्या वर्गात आहे.