फाट्यावरचा हवालदार आणि चोवीस तासांचं गणित

आज आम्ही जे बोलणार आहोत ते वर्दीत असताना बोलता आलं नसतं. का नसतं, ते पुढे येईलच. आम्ही म्हणजे हवालदार, सहायक फौजदार या पायऱ्यांवर नोकरी संपवलेली माणसं. साहेब लोकांची आत्मचरित्रं निघतात, ती तुम्ही वाचलीही असतील. आमच्याकडे लिहायला एकच वही होती, स्टेशन डायरी, आणि ती सरकारजमा आहे.

विषय तळेऱ्यातच मांडायचा म्हटलं ते मुद्दाम. तळेऱ्याचा फाटा तुमच्या रोजच्या पायाखालचा. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो. एक रस्ता वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा करत कोल्हापुरात उतरतो, दुसरा खाली विजयदुर्गाकडे, समुद्राला. म्हणजे घाटावरचा भाजीचा टेम्पो, गोव्याहून येणारी गाडी आणि विजयदुर्गाकडून येणारी मासळी, सगळं इथे एकमेकांना भेटतं. तुमच्या दृष्टीने ही बाजारपेठ आहे. पोलिसाच्या दृष्टीने हा असा नाका आहे की जिथे उभं राहिलं तर तीन दिशांना बघावं लागतं. 2024 च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटाकडे वळली, तेव्हा बातम्यांत प्रवाशांचे हाल आले. वळवलेल्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी कुणीतरी दिवसरात्र उभा करावा लागतो, तो बातमीत नव्हता. तक्रार नाही करत, काम समजावून सांगतोय.

आता ड्यूटी म्हणजे किती तास? बँकेत विचाराल तर उत्तर मिळेल. शाळेत मिळेल. पोलिसाला विचाराल तर तो हसेल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, जुन्या माणसांच्या तोंडात अजून मुंबई पोलीस अधिनियमच, त्यात 28 वं कलम आहे. रजेवर नसलेला किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस सदैव कामावर आहे असं मानलं जाईल, आणि राज्यात कुठेही त्याला कामाला लावता येईल, असा त्याचा आशय. हे 1951 सालचंही डोकं नव्हे. इंग्रजांनी 1857 चा उठाव बघून 1861 चा पोलीस कायदा केला, त्यात हेच होतं. त्यांना आपलं राज्य राखणारं दल हवं होतं, सदैव सज्ज. राज्य गेलं, कलम राहिलं.

एका अर्थी ते बरोबरही आहे. बाजारात भाजी घेताना समोर चोरी झाली तर पोलिसाने 'माझी ड्यूटी संपली' म्हणायचं नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ लावता येतो. पण 'सदैव कामावर मानला जाईल' याचा अर्थ 'सदैव कामावर ठेवता येईल' असा झाला, आणि आमची तीस-पस्तीस वर्षं त्या फरकात गेली.

थोडं गणित करूया. कागद नको, बोटांवर होतं. एक जागा घ्या. ठाणे अंमलदाराची खुर्ची म्हणा, कोठडीचा पहारा म्हणा किंवा नाका म्हणा. ती चोवीस तास भरलेली हवी. आठवड्याचे झाले 168 तास. माणूस आठ तास आणि सहा दिवस काम करणार असेल तर त्याचे 48 तास. 168 ला 48 ने भागा, साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण, कोर्टाची तारीख, प्रशिक्षण धरलं की एका खुर्चीला चार माणसं तरी हवीतच. आता बारा तासांची पाळी आणि सातही दिवस धरा. 84 तास. बरोब्बर दोन माणसांत खुर्ची भरते. म्हणजे दोनच माणसं असतील तर ठाणं चालतं, पण एका अटीवर, दोघांपैकी कुणीही सुट्टी घ्यायची नाही. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते, तक्त्यात नावापुढे खूण असते, आणि शनिवारी रात्री वायरलेसवरून कुणाचा तरी दौरा येतो. साहेब दुष्ट असतो म्हणून सुट्टी जाते असं बाहेर वाटतं. तसेही असतात, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा सुट्टी जाते ती या भागाकारामुळे.

हे केवळ आमचं रडगाणं नव्हे. 2019 साली कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांनी देशभरातल्या पोलिसांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलीस सरासरी दिवसाला चौदा तास काम करतो आणि दर दोघांतल्या एकाला साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असं त्यात निघालं.

मग यावर काही झालं की नाही? झालं. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, 2016 साली, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. त्यामागची मांडणी एका शिपायानेच करून दिली होती, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. वरून समिती नेमली नव्हती. रोज तक्ता बघणाऱ्याने तक्ता बदलून दाखवला. पुढे तो प्रयोग मुंबईत पसरला. 2022 च्या सुरुवातीला, संजय पांडे महासंचालक असताना, राज्यभरातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. त्याच वर्षी नैमित्तिक रजा बारावरून वीस झाल्या, आणि पोलीस नाईक हे पदच काढून टाकलं. शिपायाचा हवालदार होण्याच्या वाटेतली एक पायरी कमी झाली, म्हणजे फौजदार होऊन निवृत्त व्हायची आशा थोडी तरी जवळ आली.

पण शहरात जे जमतं ते आमच्याकडे तसंच्या तसं जमत नाही. शहरात ठाण्याची हद्द एक-दोन वॉर्डांची. इथे एका बीट अंमलदाराकडे वाड्यावाड्यांत विखुरलेली गावं, मध्ये डोंगर, पावसाळ्यात वहाळ. समन्स बजवायला गेला तर अर्धा दिवस गेला, आणि माणूस मुंबईला! पोलीस पाटील नसते तर हे काम चाललंच नसतं. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमातलं ते पद आहे, मानधनावरचं, पण रात्री दोनला पहिला फोन बहुतेक वेळा त्यांचाच येतो.

बंदोबस्ताचं तर बोलायलाच नको. आंगणेवाडीची जत्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वर, शिमगा, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. आणि गणपती. कोकणातल्या पोलिसाला गणपतीत रजा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चाकरमानी मुंबईहून रात्रभर गाडी हाकत येतो, खारेपाटण ओलांडलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्याला रस्ता मोकळा करून देणाराही कोकणातलाच असतो. त्याच्या घरी गणपती आणायला भाऊ जातो, आरतीला मुलगा उभा राहतो, हा व्हिडिओ कॉलवर नमस्कार करतो. रेनकोटच्या आत फोन धरून. बाईमाणूस असेल तर आणखी एक गोष्ट, जी कुणी भाषणात सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. बारा तास नाक्यावर उभं राहायचं आणि जवळ स्वच्छतागृह नाही. मग ती काय करते? पाणी पिणं बंद करते. आठ तासांच्या आदेशाचं मोल समजायचं असेल तर ते इथून समजा.

2020 ची टाळेबंदी आठवा. खारेपाटणला जिल्ह्याची सीमा, तिथे तपासणी, पास बघणं, गावागावात विलगीकरण. आपल्याच गावात यायला निघालेल्या माणसाला थांबवायचं काम आमच्या वाट्याला आलं. शिव्या खाल्ल्या. राज्यभरात त्या दोन वर्षांत शेकडो पोलीस करोनाने गेले.

आता तुम्ही म्हणाल, पोलीस दमतो, वाईट वाटतं, पण आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो समजावून सांगण्यासाठीच आजचं बोलणं.

महामार्गावर रात्री अडीचला अपघात झाला असं धरा. दुचाकीवाला जागीच गेला. पाऊस चालू आहे. बारा तासांची पाळी करून जेमतेम झोपलेला हवालदार उठून जातो. पहिलं काम जखमींना हलवणं, दुसरं रस्ता मोकळा करणं, कारण मागे ट्रक लागलेले असतात आणि दुसरा अपघात व्हायची भीती असते. पण गाडी हलवली की पुरावा हलला. म्हणून हलवायच्या आधी खुणा करायच्या, फोटो घ्यायचे, टेप लावून मोजायचं. कुठून मोजायचं? हलणार नाही अशा वस्तूपासून. किलोमीटरचा दगड, विजेचा खांब, मोरी. दुभाजकापासून गाडी किती फुटांवर, टायर घासल्याच्या खुणा किती लांब, काचा कुठल्या बाजूला जास्त. पावसात त्या खुणा वाहून जातात, म्हणून घाई. मग मयताचा मरणोत्तर पंचनामा, प्रेत शवविच्छेदनाला, सोबत एक पोलीस. नवीन संहितेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 कलमाखालचा अहवाल चोवीस तासांत वर गेला पाहिजे. 2022 पासूनच्या नियमांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत.

आता त्या माणसाची बायको. ती नुकसानभरपाईचा दावा करते. विमा कंपनीचा वकील पहिला कागद काढतो तो घटनास्थळाचा पंचनामा आणि कच्चा नकाशा. दुचाकी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला होती की बरोबर? एक आकडा डावीकडचा उजवीकडे लिहिला गेला, तर चूक मयताची ठरू शकते आणि भरपाई कमी होऊ शकते. तो आकडा लिहिणारा माणूस त्या वेळी वीस तास जागा होता की झोप घेऊन आला होता, याचा त्या बाईच्या आयुष्याशी सरळ संबंध आहे. वहीत 'पोलीस थकलेला होता' असा रकाना नसतो.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं, मोबाईलवर चालेल, असं 105 व्या कलमात आहे. गोव्याची दारू भरलेली गाडी पकडली तर बाटल्या मोजतानाचं, सील लावतानाचं, पंच सही करतानाचं चित्रीकरण. आमच्या मते ही चांगली गोष्ट आहे. पंच फिरले, मुद्देमाल बदलला, असे आरोप आम्ही आयुष्यभर ऐकले. खरे किती, खोटे किती, ते चित्र दाखवेल. फक्त फोन बहुतेकदा हवालदाराचा स्वतःचा, बॅटरी त्याची, आणि घाटाच्या वळणावर रेंज कुणाचीच नाही.

मग पोलीस एकत्र येऊन मागणी का करत नाहीत? गिरणी कामगार केले, एसटीवाले केले, शिक्षक केले. कारण 1966 चा कायदा. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा तो कायदा, राज्यघटनेच्या 33 व्या कलमाच्या आधारावरचा. परवानगीशिवाय कामगार संघटनेत जायचं नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात तरीही एकदा पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली होती. 1982 साल. गिरण्यांचा संप चालू, मुंबई तापलेली. 15 ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. 18 ऑगस्टला पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली, नायगाव-वरळीच्या पोलीस वसाहती पेटल्या, लष्कर बोलावावं लागलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. संघटना मोडली, नव्वदहून अधिक पोलीस बडतर्फ झाले. त्या दिवशी शहरात लूटमारही झाली आणि ती समर्थनीय नव्हती, हे आम्ही स्पष्ट सांगतो. हातात बंदूक असलेल्यांनी संप करू नये, हेही आम्हाला पटतं. पण मग त्यांचं ऐकायची दुसरी जागा हवी, आणि ऑर्डर्ली रूममध्ये साहेबासमोर सावधान उभं राहून बोलणं ही ती जागा नव्हे. निवृत्तीनंतर व्याख्यानमालेत बोलणं हीही नव्हे, खरं तर.

वेळ होत आला. चिठ्ठ्या आल्यात, त्यातली एकच घेतो, कारण हा प्रश्न आम्हाला प्रत्येक वाडीत विचारला गेला आहे. 'हवालदारांनू, पंचनाम्यार सही केली तर कोर्टात जावचा लागात काय?'

झडतीच्या पंचाला कोर्टाचं समन्स आल्याशिवाय जावं लागत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. समन्स आलं तर जायचं, चुकवायचं नाही. दुसरं, झडतीला पंच म्हणून लेखी बोलावलं आणि सबळ कारणाशिवाय नाही म्हटलं तर तो गुन्हा आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. आणि तिसरं, सही करण्याआधी वाचा. हवालदार म्हणेल, 'भाऊ, रात्र झाली, सही करा, उद्या वाचा.' आम्हीही म्हटलेलं आहे. तरी टॉर्च मागा, खांबापासूनचे फूट स्वतः एकदा मोजा, आणि डावं-उजवं बघून घ्या.