इस्लाममधील व्यापारविषयक नीतितत्त्वे

प्रस्तावना :
इस्लामचा उदय मक्केसारख्या व्यापारी नगरात झाला. प्रेषित मुहंमद स्वतः व्यापारी होते. हजरत खदीजा यांच्या मालाचा व्यापार त्यांनी सांभाळला होता. साहजिकच या धर्माने व्यापाराला हीन न मानता त्याला नैतिक चौकट दिली. या चौकटीचा आधार असलेल्या दोन तत्त्वांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१) दुसऱ्याच्या अज्ञानाचा लाभ न घेणे :
स्वतः घेताना माप पूर्ण घेणाऱ्या व इतरांना देताना कमी देणाऱ्या व्यापाऱ्यांचा निषेध कुराणाच्या ८३ व्या सूरहच्या आरंभीच आढळतो. हदीसमधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. धान्याच्या राशीत हात घालताच प्रेषितांना आत ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य ग्राहकाला दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. बाजारभाव ठाऊक नसलेल्या काफिल्याला वाटेतच गाठून माल खरेदी करण्यासही त्यांनी मनाई केली. पाण्यातील मासा किंवा आकाशातील पक्षी विकणे, म्हणजेच ‘गरर’ अथवा अतिअनिश्चिततेचा व्यवहार, याच कारणाने अवैध ठरतो.

२) जोखमीविना नफा न घेणे :
कुराणाने (२:२७५) व्यापार वैध व ‘रिबा’ म्हणजे व्याज निषिद्ध ठरविले. कर्जावरील व्याजात ऋणकोचे नुकसान झाले तरी धनकोची वाढ निश्चित असते. याउलट ‘मुदारबा’ या भागीदारीत एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा आल्यास भांडवलदाराचे धन व श्रम करणाऱ्याचे कष्ट वाया जातात. अडचणीतील ऋणकोस मुदत द्यावी, असेही कुराण (२:२८०) सांगते.

आधुनिक काळातील कसोटी :
१९७५ साली दुबई इस्लामिक बँक स्थापन झाली. पुढे अशा बँकांत ‘मुराबहा’ व्यवहार रूढ झाला. यात बँक वस्तू विकत घेते व खरेदीची किंमत आणि आपला नफा उघड सांगून ती ग्राहकास हप्त्याने विकते. वस्तू काही काळ तरी बँकेच्या मालकीची व जोखमीची असेल, तर हा व्यापार होय. मालकी केवळ कागदोपत्री असेल, तर तो व्याजाहून कितपत वेगळा, असा आक्षेप मुस्लिम अर्थतज्ज्ञांनीच घेतला आहे. उधारीने घेतलेली वस्तू बँकेमार्फत लगेच रोखीने विकून पैसा उभा करण्याची ‘संघटित तवर्रुक’ पद्धती आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००९ साली अमान्य ठरविली.

निष्कर्ष :
व्यवहाराचे नाव बदलल्याने तो नीतिमान होत नाही. समोरच्यास सत्य ठाऊक होते काय आणि नफा घेणाऱ्याने जोखीम उचलली काय, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात कोणत्याही कराराची चिकित्सा करताना हे प्रश्न उपयुक्त ठरतील.