साप बिनविषारी, पण घरात तान्हे बाळ

परवा गावातल्या एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. मुलगा अमेरिकेत नोकरीला, सून नुकतीच बाळंत झाली, म्हणून बाई तिकडे निघाल्या आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेतल्यावर हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मुलाने घरात बोआ जातीचे दोन साप पाळलेत. आता त्यांची पिल्ले काढणार म्हणतो. विष नाही, मग भ्यायचे कशाला, असे त्याचे म्हणणे. तुम्ही सांगा."

आपल्याकडे अजगर पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिकडे मात्र बोआ विकत मिळतो. हा अजगरासारखाच विळखा घालणारा साप, सात-आठ फूट सहज वाढतो. भक्ष्य गुदमरून मरते असे आपण समजत होतो. २०१५ साली बोआवर झालेल्या संशोधनात दिसले, की विळख्याने आधी रक्ताभिसरणच थांबते. २००९ साली फ्लोरिडात पाळलेला अजगर रात्री पेटीतून निसटला आणि दोन वर्षांची मुलगी दगावली. म्हणून पेटीला कुलूप हवेच.

पण मला खरी काळजी वाटते ती साल्मोनेला या जंतूची. टायफॉईडचा जंतू याच कुळातला. सापाच्या आतड्यात साल्मोनेला सुखाने नांदतो. साप आजारी दिसत नाही. विष्ठेतून जंतू कातडीवर, पेटीत, पाण्याच्या भांड्यात पसरतात. एकदा तपासणीत जंतू सापडले नाहीत, तरी साप निर्दोष ठरत नाही, कारण ते रोज बाहेर पडतातच असे नाही. औषध देऊनही त्यांचा नायनाट होत नाही. बाळाने सापाला शिवायलाही नको. साप हाताळून बापाने तसेच बाळाला उचलले की झाले!

मोठ्या माणसाला ताप, जुलाब, पोटात कळा येऊन आठवड्यात बरे वाटते. तान्ह्या बाळात मात्र जंतू रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. पाच वर्षांखालचे मूल असलेल्या घरात साप ठेवू नये, असे अमेरिकेचे आरोग्य खातेच सांगते.

त्यात पिल्ले काढायची म्हणजे कामाचा डोंगर. बोआ अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो आणि एका वेळी वीस-पंचवीस सहज होतात. प्रत्येकाला वेगळी पेटी, तितकीच साफसफाई. खाद्याचे उंदीर बर्फात गोठवलेले येतात. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, आणि मुलगा ते घरच्याच फ्रीजमध्ये ठेवतो, असे बाईंकडून कळले!

मी बाईंना सांगितले, मूल पाच वर्षांचे होईपर्यंत साप दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगा. तोवर निदान पेट्या व भांडी स्वयंपाकघरात किंवा बाळाच्या न्हाणीत धुवायची नाहीत. उंदरांना वेगळा फ्रीज हवा. सापाला हात लावला की साबणाने हात धुवून, कपडे बदलूनच बाळाला घ्यायचे. साप चावलाच तर हिसडा देऊ नये, दात मागे वळलेले असतात, जखम फाटते. साबण-पाण्याने धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन बाकी असल्यास घ्यावे.

आणि बाळाला ताप किंवा जुलाब झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे व घरात साप आहे हे आपणहून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.