कुत्र्याचे शिक्षण आणि धन्याचे वळण

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. शेपटापुरती ती खरी आहे. परंतु आपण ती नकळत कुत्र्याच्या वागणुकीलाही लावतो; आणि एकदा ती लावली, की उपाय दोनच उरतात : मारणे किंवा घराबाहेर काढणे. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, आणि तो आता पुष्कळसा अभ्यासाने पारखलेला आहे, हे आम्हांला येथे मांडावयाचे आहे.

काल्हेरचेच उदाहरण घेऊ. ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे लागतात आणि त्यांच्या शेजारी उंच इमारती. येथे कुत्र्यांच्या तीन जाती आढळतात. जन्माच्या नव्हेत, जगण्याच्या. पहिला गोदामाच्या फाटकाशी साखळीने बांधलेला राखणदार. दुसरा सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांत वाढणारा. घरची माणसे कामावर गेली, की दिवसभर एकटा. तिसरा चहाच्या टपरीपाशी सर्वांचा आणि कोणाचाच नसलेला. तिघेही भुंकतात, तिघेही प्रसंगी चावतात. परंतु तिघांच्या भुंकण्याचा अर्थ एक नाही. म्हणून तिघांना एक औषध चालत नाही. रोग्यागणिक औषध, तसे कुत्र्यागणिक शिक्षण.

आधी कुत्रा शिकतो कसा, ते पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने १८९८ साली मांजरे व कुत्री पेटाऱ्यात ठेवून प्रयोग केले. ज्या हालचालीने दार उघडले, ती हालचाल प्राणी पुन्हा पुन्हा व लवकर लवकर करू लागले. ज्या कृतीचे फळ गोड, ती रुजते; जिला फळ नाही, ती विरते. पुढे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने दाखविले, की अन्नाआधी दर वेळी ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. एक गोष्ट दुसरीची चाहूल होते. कुत्र्याच्या सर्व शिक्षणाचा पाया या दोन गोष्टींत आहे.

आता घरात काय घडते ते पाहा. आपण जेवावयास बसतो, कुत्रा भुंकतो, आणि तो गप्प बसावा म्हणून आपण त्याला पोळीचा तुकडा टाकतो. आपल्या मते आपण कटकट मिटविली. कुत्र्याच्या मते भुंकल्याने पोळी मिळाली. उलट, तो तासभर शांत पडून राहिला, तर त्याच्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही. म्हणजे दुर्गुणाला बक्षीस आणि सद्गुणाला उपेक्षा, असा हा वर्ग रोज भरतो. शिक्षण चालूच असते. फक्त ते कोणाच्या लक्षात येत नाही. बक्षीस कृतीबरोबर, क्षणादोन क्षणांतच मिळाले पाहिजे. सकाळच्या अपराधाची शिक्षा संध्याकाळी केली, तर कुत्र्याला तिचा अर्थ लागत नाही. धनी घरी आला की मार बसतो, एवढेच तो शिकतो.

खोड मोडावयाची, तर तिचे मूळ शोधावे लागते. त्यासाठी एक साधी वही करावी. आठ दिवस तीन गोष्टी टिपाव्या : खोडीच्या आधी काय घडले, कुत्र्याने नेमके काय केले, आणि नंतर त्याला काय मिळाले. सातव्या मजल्यावरचा कुत्रा जोडे फाडतो, तो केवळ सर्वजण बाहेर पडल्यावर, असे वहीतून दिसले, तर तो खोडकर नाही. एकटेपणाने घाबरलेला आहे. त्याला अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करून, तो कासावीस होण्याआधीच परत येत, हळूहळू एकटे राहावयास शिकवावे लागते. गोदामाचा कुत्रा प्रत्येकावर धावून जातो, कारण आखूड साखळीमुळे त्याला मागे सरण्याचा मार्गच नसतो. त्याला आधी फिरणे, सावली आणि निवांत झोप मिळाली पाहिजे. आणि कालपर्यंत शांत असलेला कुत्रा आज अंगाला हात लावताच गुरगुरू लागला, तर प्रथम त्याचे कान, दात आणि सांधे पशुवैद्याला दाखवावेत. आधी वैद्य, मग शिक्षक, हा क्रम चुकू नये.

भीतीवरचा उपाय कसा करतात, याचाही एक नमुना देतो. मालमोटारी पाहून कुत्रा पिसाळल्यासारखा ओढ घेतो, असे समजा. मोटार दिसते आहे, परंतु कुत्रा अजून हातचा खाऊ घेतो आहे, इतके अंतर आधी शोधावे. मोटार दिसली की खाऊ द्यावा. ती गेली की थांबावे. दिवसागणिक चार पावले पुढे सरकावे. खाऊ नाकारला, तर आपण फार जवळ आलो असे समजून निमूटपणे मागे फिरावे. काही आठवड्यांनी मोटार ही संकटाची नव्हे, तर खाऊची चाहूल होते. यात जादू नाही, पावलॉव्हचा नियम आहे. मात्र घाई केली, की सारे फिसकटते.

अर्थात खोड मोडण्यापेक्षा ती लागू न देणे सोपे. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिलाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचे महत्त्व दाखवून दिले. या काळात जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू पिलाला सुखाने भेटतात, त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. काल्हेरच्या पिलाने उद्वाहनाचा खडखडाट, मोटारींचे भोंगे, काठी टेकत चालणारे आजोबा आणि धावणारी मुले याच वयात, दुरून व आनंदाने अनुभवलेली बरी.

‘कुत्र्याला धाकात ठेवले नाही, तर तो आपल्या डोक्यावर बसतो,’ असा एक समज आहे. त्याचे मूळ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या १९४७ सालच्या अभ्यासात सापडते. कोंडलेल्या, परस्परांना अनोळखी लांडग्यांत वर्चस्वाची झुंज दिसली. परंतु लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट केले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले, अर्थात एक कुटुंब. धाकाचा हा पायाच असा ढिला आहे.

धाकाचा खरा धोका तर निराळाच आहे. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना होय : ‘मला भीती वाटते, दूर राहा.’ गुरगुरल्याबद्दल मार दिला, तर भीती जात नाही, सूचना जाते. मग एके दिवशी घरातले लहान मूल त्याच्या ताटलीजवळ जाते आणि कुत्रा न गुरगुरता चावतो. ‘काही कारण नसताना चावला,’ असे आपण म्हणतो. कारण होते, ते सांगणारी वाणी आपणच बंद केलेली असते. चावऱ्या कुत्र्याला शिकवताना मुसके वापरावे आणि मुलांना दूर ठेवावे. चावा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

शिकलेला कुत्रा काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईत १९९३ साली बॉम्बस्फोट झाले, त्या वेळी बॉम्बशोधक पथकातील जंजीर या लॅब्राडॉर कुत्र्याने दडविलेली स्फोटके हुंगून काढली. ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याचे श्रेय त्याला दिले जाते. त्याचे शिक्षण पुण्याच्या शिवाजीनगर येथील पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले होते. तो २००० साली वारला. अशा पथकांत कुत्र्याला ठरलेले हस्तक असतात, आणि कुत्र्याबरोबर त्या माणसांनाही शिकावे लागते. गृहस्थाने नेमके हेच घ्यावे.

कुत्रा महिनाभर घेऊन जाऊन ‘तयार’ करून देतो, असे कोणी म्हणाले, तर सावध असावे. तो तेथे त्या शिक्षकाचे ऐकावयास शिकेल. घरी मात्र तेच दार, तीच घंटा आणि तीच माणसे असतील. चांगला शिक्षक घरी येतो, वही पाहतो, घरातल्या प्रत्येकाच्या हाती पट्टा देतो आणि सर्वांचे शब्द एक करून घेतो. आईने ‘बस’, बाबांनी ‘खाली’ आणि मुलाने ‘गप’ म्हटले, तर बिचाऱ्याने समजावे काय?

प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील ११ वे कलम मारहाणीबरोबरच आखूड साखळीला दीर्घकाळ बांधणे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरविणे हाही गुन्हा मानते. गोदामवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. परंतु कायद्याच्या आधी येते ती समज. खोडकर ठरवून कशेळीच्या पुलाजवळ रात्री सोडून दिलेला कुत्रा सुधारत नाही. तो अधिक घाबरतो आणि त्याची भीती दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला चावते. तेव्हा साखळी सोडण्याआधी आठ दिवस वही लिहून पाहावी.