शेडसाठी विद्युत वितरण पेटीची क्षमता

घराच्या परसातील वा आवारातील शेड, गोठा, लहान कार्यशाळा इत्यादींना घराच्या मुख्य पेटीतून वीज पुरवताना तेथे बसविल्या जाणाऱ्या दुय्यम पेटीस 'उपवितरण पेटी' असे म्हणतात. तिची क्षमता ॲम्पिअरमध्ये सांगितली जाते. तिच्या मुख्य एम.सी.बी.मधून (स्वयंचलित खटक्यातून) सतत किती प्रवाह वाहू शकतो, हे त्या आकड्यावरून कळते. क्षमता ठरविताना शेडमधील एकूण भार, मोटारींचा आरंभ प्रवाह, केबलची लांबी व जाडी आणि घराचा मंजूर भार या बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो.

मूलभूत तत्त्व

एम.सी.बी. हा प्रामुख्याने उपकरणाचे नव्हे, तर तारेचे रक्षण करतो. म्हणून तीन आकड्यांचा क्रम पाळला जातो : भाराचा प्रवाह सर्वांत कमी, एम.सी.बी.चे मूल्य त्याच्याइतके किंवा त्याहून अधिक, आणि तारेची वहनक्षमता एम.सी.बी.इतकी किंवा त्याहून अधिक. खटका वारंवार पडतो म्हणून तार न बदलता मोठा एम.सी.बी. बसविणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. असे केल्यास तार तापते, तिचे आवरण वितळते, तरीही खटका पडत नाही. कडबा, लाकूड किंवा भुसा साठविलेल्या शेडमध्ये यामुळे आग लागण्याचा धोका असतो.

भाराची गणना

भारतात घरगुती एक-फेज पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. दिवे व तापक उपकरणे यांच्या बाबतीत वॅटला २३० ने भागल्यास प्रवाह मिळतो. मोटारीच्या बाबतीत मात्र एवढे पुरत नाही. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे मोटारीकडून मिळणारे कार्य होय. ती प्रत्यक्षात घेत असलेली वीज कार्यक्षमता व शक्तिगुणक यांमुळे बरीच अधिक असते.

उदाहरणादाखल एका शेडमधील भार पुढीलप्रमाणे मानता येईल. मोटारींची कार्यक्षमता ६५ ते ७० टक्के व शक्तिगुणक ०.८ धरला आहे.

• कडबाकुट्टी यंत्र, २ अश्वशक्ती : सुमारे २१३० वॅट, ११.६ ॲम्पिअर
• पाण्याचा पंप, १ अश्वशक्ती : सुमारे ११५० वॅट, ६.२ ॲम्पिअर
• चार दिवे व दोन पंखे : २३० वॅट, १ ॲम्पिअर
• सॉकेटवरील ग्राइंडर : ८५० वॅट, सुमारे ४ ॲम्पिअर

एकूण भार सुमारे ४.४ किलोवॅट व प्रवाह सुमारे २३ ॲम्पिअर होतो. भावी वाढीसाठी २५ टक्के राखीव धरल्यास तो २९ ॲम्पिअरच्या आसपास जातो. एम.सी.बी. ६, १०, १६, २०, २५, ३२, ४०, ६३ अशा ठरावीक मूल्यांत मिळतात. त्यामुळे येथे ३२ ॲम्पिअरची पेटी योग्य ठरते. पंप व कडबाकुट्टी कधीही एकाच वेळी चालविली जाणार नसतील, तर प्रत्यक्ष प्रवाह १७ ॲम्पिअरपेक्षा फारसा वाढत नाही.

मोटारीचा आरंभ प्रवाह

मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. 'बी' प्रकारचा एम.सी.बी. मूल्याच्या ३ ते ५ पट, 'सी' प्रकारचा ५ ते १० पट आणि 'डी' प्रकारचा १० ते २० पट प्रवाहास तत्काळ पडतो. वरील कडबाकुट्टीचा आरंभ प्रवाह ७० ॲम्पिअरपर्यंत जाऊ शकतो. १६ ॲम्पिअरचा 'बी' प्रकारचा खटका ४८ ते ८० ॲम्पिअरदरम्यान पडत असल्याने तो विनाकारण पडण्याची शक्यता राहते, तर 'सी' प्रकारचा ८० ॲम्पिअरपर्यंत तग धरतो. वारंवार पडणाऱ्या खटक्याचे कारण पुष्कळदा क्षमता नसून प्रकार असतो.

केबल व व्होल्टता-घट

घरापासून शेडचे अंतर ३० मीटर असल्यास प्रवाहाचा जाण्या-येण्याचा मार्ग ६० मीटर होतो. २३ ॲम्पिअरला २.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेत सुमारे ९.७ व्होल्ट, ४ चौ. मिमी तारेत ६ व्होल्ट आणि ६ चौ. मिमी तारेत ४ व्होल्ट घट होते. तार तापल्यावर ही घट आणखी वाढते. मोटार सुरू होताना २.५ चौ. मिमी तारेत ही घट ३० व्होल्टच्या घरात जाते व मोटार गती न घेता गुरगुरत राहते. म्हणून या उदाहरणात ६ चौ. मिमी तार निवडणे इष्ट ठरते.

सुरक्षितता

शेडमधील पेटीत संपूर्ण पुरवठा तोडणारा दुहेरी ध्रुवाचा स्विच असावा. ओली जमीन व पत्र्याचे छत लक्षात घेता ३० मिलिॲम्पिअरचे आर.सी.सी.बी. आवश्यक मानले जाते. गळतीचा अल्प प्रवाह एम.सी.बी. ओळखू शकत नाही. गुरांच्या पुढील व मागील पायांत अंतर अधिक असल्याने जमिनीतील व्होल्टता-फरकाचा धोका त्यांना माणसापेक्षा अधिक असतो. त्यामुळे गोठ्यातील लोखंडी खांब, गव्हाणीच्या सळ्या व पाण्याचे नळ अर्थिंगला जोडले जातात. भारतात अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३ व वायरिंगसाठी आय.एस. ७३२ ही मानके आहेत.

मंजूर भार

शेडची पेटी कितीही मोठी बसविली, तरी वीज घराच्याच मीटरमधून येते. घराचा मंजूर भार ३ किलोवॅट असल्यास वरील ४.४ किलोवॅटची शेड त्यावर चालविता येत नाही. अशा वेळी वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात घरगुती व कृषी वापराचे दर निराळे असल्याने वापराचा प्रकारही स्पष्ट असावा लागतो. उभारणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेणे बंधनकारक आहे.

अन्य देशांतील पद्धत

अमेरिकेत घरगुती पुरवठा १२०/२४० व्होल्ट असतो. तेथील ६० ॲम्पिअरची शेडपेटी २४० व्होल्टवर १४,४०० व्होल्ट-ॲम्पिअर पुरवू शकते. त्यामुळे तेथील ॲम्पिअरचे आकडे भारतीय एक-फेज पेटीशी थेट ताडून पाहता येत नाहीत.