बाठ्यावर बांधलेला वारसा

पावसाळा लागला की रत्नागिरीच्या रोपवाटिकांत आंब्याची कलमं बांधायची घाई असते. अशाच एका रोपवाटिकेत मी काकांच्या शेजारी बसून हे काम पाहिलं. हिरव्या जाळीखाली रायवळचे बाठे रुजलेले. रोपं जेमतेम पंधरा दिवसांची, पानं अजून तांबूस. काकांनी रोपाचा शेंडा छाटला आणि कोवळ्या खोडाला मधोमध दीड इंच चीर दिली. रत्ना या आंब्याच्या वाणाची काडी पेन्सिलीएवढी जाड होती. आठवडाभर आधी झाडावरच तिची पानं छाटल्यामुळे डोळा फुगलेला. तिचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली आणि चिरीत बसवली. "सालीला साल भिडली पाहिजे, निदान एका अंगाने तरी," असं म्हणत काकांनी प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. जोडात पाणी शिरलं तर कलम कुजतं.

ही रत्ना वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची. तिचा संकर झाला तेव्हा वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. नीलमच्या मोहोरावर हापूसचे पराग हाताने लावायचे, धरलेलं फळ जपायचं, त्याचा बाठा रुजवून वर्षानुवर्षं फळाची वाट पाहायची, अशी ती चिकाटी. १९८१ साली रत्ना प्रसारित झाली: दरवर्षी धरणारी, साका नसलेली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पातळ बाठ्याचा सिंधू आला.

रत्नाचा बाठा पेरला तर रत्नाच येईल असं नाही. म्हणून तिचं प्रत्येक कलम म्हणजे त्या पहिल्या रोपाचाच विस्तार. पण झाडाकडे पाहून त्याचे आईबाप कळत नाहीत. ते नोंदवहीतच सापडतात. अमेरिकेतले वनस्पती-पैदासकार ल्यूथर बरबँक (१८४९–१९२६) यांनी शेकडो वाण दिले. सांता रोझामधलं त्यांचं घर आणि बाग आज जपलेली आहे. पण त्यांच्या संकरांच्या नोंदी त्रोटक राहिल्या आणि कित्येक वाणांचं मूळ आता नक्की सांगता येत नाही.

आपल्याकडे अशा वाणांचे मातृवृक्ष उभे आहेत. त्यांच्यावरचे क्रमांक पुसू देता कामा नयेत, आणि जुन्या संकर-नोंदवह्या कोकणच्या दमट हवेत वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवायला हव्यात. कलम घेणाऱ्यानेही काडी कुठल्या झाडाची, हे विचारावं. संशोधकाचं काम असं विचारण्यातूनच टिकतं.