खाज थांबली, गजकर्ण राहिले

श्रावणातली संध्याकाळ. मेडिकलच्या काउंटरवर तीन-चार गिऱ्हाइके. त्यांच्यामागे उभा असलेला तरुण बाकीचे गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग आवाज खाली आणून म्हणतो, ‘ती खाजेची ट्यूब द्या ना. मागच्या वेळी दिली होती ती.’ दुकानदार मागच्या खणात हात घालतो आणि ट्यूब पुढे सरकवतो. खाज कुठे आहे, किती दिवस आहे, घरात आणखी कुणाला आहे का, असे एकही अक्षर विचारले जात नाही. जांघेतली खाज हा चारचौघांत बोलण्याचा विषय नाही, त्यामुळे दोघांनाही हा व्यवहार लवकर आटोपायचा असतो.

रात्री मलम लावले की सकाळी खाज पळालेली असते. आठ दिवसांत डाग फिका पडतो आणि ट्यूब कपाटात जाते. पंधरा दिवसांनी खाज परत येते, या वेळी मांडीपर्यंत. मग पुन्हा तीच ट्यूब. गजकर्णाचे सध्याचे दुखणे समजून घ्यायचे तर याच ट्यूबपासून सुरुवात करावी लागते.

कडेवरची झुंज

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्यात केराटिन नावाचे प्रथिन असते. केस आणि नखेही त्याचीच बनलेली. गजकर्णाची बुरशी या केराटिनवर पोसते. एका जागी रुजली की ती चहूकडे सारखीच पसरते, म्हणून डाग गोल दिसतो. नीट पाहिले तर मधली त्वचा निवळलेली आणि कड मात्र लाल, किंचित उंच, बारीक पुरळाची व कोंडा धरलेली असते. शरीराची प्रतिकारशक्ती बुरशीशी झुंजते ती याच कडेवर. लाली, पुरळ, खाज ही सारी त्या झुंजीची चिन्हे.

डॉक्टर तपासणीसाठी बोथट पात्याने खरवडतात तीही कडच. खरवडलेला कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दिसू लागतात. चाचणी स्वस्त आहे, थोड्या वेळात होते आणि अंदाजाने औषध देण्याची वेळ टाळते.

पावसाळा या बुरशीला मानवतो. दोरीवर दोन दोन दिवस न वाळणारी जीन्स, ओलसर अंतर्वस्त्रे, घरभर फिरणारा एकच टॉवेल. त्यात कमरेला वर्षानुवर्षे न बदललेला करदोडा असेल तर बुरशीला बारमाही घर मिळाले म्हणायचे. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपण म्हणतो. नावात हत्तीचा कान असलेले हे दुखणे मात्र मुंगीच्या पावलांनी येते आणि जायचे नावच घेत नाही.

ट्यूबमध्ये काय असते?

काउंटरवर मिळणारी अशी ट्यूब बहुतेकदा तीन-चार औषधांचे कडबोळे असते. एक बुरशीनाशक, एखादे प्रतिजैविक आणि सोबत जोरकस स्टेरॉइड. रातोरात खाज थांबवण्याचे श्रेय या स्टेरॉइडचे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवून दिले. इसबाने हैराण झालेल्यांना त्यातून मोठा दिलासा मिळाला. योग्य रोगाला, योग्य ताकदीचे, मोजके दिवस लावले तर आजही त्याला तोड नाही. गजकर्णात मात्र ते भलत्याच पक्षाला मदत करते. स्टेरॉइड दाह दाबते, म्हणजे कडेवर झुंजणाऱ्या प्रतिकारशक्तीलाच झोपवते. लाली जाते, खाज जाते आणि बुरशीला रान मोकळे मिळते.

असे दबलेले गजकर्ण ओळखूही येत नाही. कड पुसट होते, कधी एका कड्याच्या आत दुसरे कडे उमटते. १९६८ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नाव दिले. वेष पालटलेले गजकर्ण, असा त्याचा अर्थ.

जोरकस स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते. जांघेत आणि काखेत गर्भारपणातल्या वळांसारखे पट्टे उमटतात, ते कायमचे. गोरे होण्याच्या आशेने हीच ट्यूब चेहऱ्याला लावणारेही कमी नाहीत. त्यांच्या वाट्याला लाली, पुरळ आणि नको तिथे केस येतात. मलम बंद करताच चेहरा भाजल्यासारखा आग करतो, मग घाबरून ते पुन्हा लावले जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या परिशिष्टात घातली. त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही वर्षानुवर्षे याविरुद्ध बोलते आहे. काउंटरवरचे चित्र मात्र फारसे पालटलेले नाही.

बुरशीही शहाणी झाली

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतातल्या गजकर्णाची बुरशीच बदलली. पूर्वी ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात प्रामुख्याने आढळे. आता तिची जागा दुसऱ्याच जातीने घेतली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली.

हिच्यातल्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एके काळचे हुकमी औषध चालत नाही. बुरशीला पेशीचे पटल बांधायला एक विशिष्ट घटक लागतो आणि टर्बिनाफिन तो बनवणारे विकर अडवते. नव्या बुरशीत त्या विकराच्या जनुकात बदल झाला आहे, त्यामुळे औषध तिथे बसतच नाही. दोन आठवड्यांत बरे होणाऱ्या गजकर्णाला आता महिनेही लागतात. अर्धवट उपचार आणि स्टेरॉइडच्या कडबोळ्यांनी या बुरशीला फैलावायला हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, स्टेरॉइड नसलेले बुरशीनाशक मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचे. ते डागाच्या मध्यभागी थापून उपयोग नाही. कडेवर आणि कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. डाग दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे मलम चालू ठेवायचे. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

डाग जास्त असतील तर पोटातून इट्राकोनॅझोलसारखे औषध लागते. त्याचे यकृतावर परिणाम होऊ शकतात, हृदय कमजोर असलेल्यांना ते चालत नाही आणि इतर बऱ्याच गोळ्यांशी त्याचे पटत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ते आणू नये. मुलांच्या डोक्यातले गजकर्ण तर नुसत्या मलमाने जातच नाही, त्याला पोटातले औषधच लागते.

कोकणात पावसाळ्यात टाकळ्याची भाजी होते. या वनस्पतीचे संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारी. तिचा पाला डागावर चोळण्याची जुनी चाल आहे. भाजी आवडीने खावी. पण मांडीभर पसरलेल्या गजकर्णावर पाला चोळत बसल्यास हातचा वेळ तेवढा जाईल.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटी वाळवावीत आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. करदोडा काढून ठेवावा. घरात आणखी कुणाला डाग असेल तर उपचार सर्वांचे एकदम व्हायला हवेत, नाहीतर गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहते.

चिखल्या, खरूज आणि नागीण

प्रत्येक खाजेला एकच ट्यूब लावणाऱ्यांसाठी आणखी काही दुखणी सांगायला हवीत.

भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. बेचक्यातली त्वचा भिजून पांढरी पडते, फाटते, झोंबते. बुरशी आणि जिवाणू दोन्ही तिथे शिरतात. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे हा अर्धा उपचार, उरलेला अर्धा बुरशीनाशकाचा. मधुमेह असेल तर चिखल्या हलक्यात घेऊ नयेत. एवढ्याशा भेगेतून जिवाणू पायात पसरतात आणि पाय सुजून लाल होतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही पायाच्या अशाच जखमांतून शरीरात शिरतात.

खरूज ही बुरशी नव्हे, ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडीची करामत. मादी त्वचेत बोगदा खणून अंडी घालते. खाज रात्री भडकते. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, कंबर या तिच्या आवडीच्या जागा. पहिल्या लागणीनंतर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ती घरात सगळ्यांना लागून गेलेली असते. म्हणून पर्मेथ्रिनचे मलम खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. तान्ही बाळे आणि गर्भवतींसाठी डॉक्टरांना विचारावे. एकट्यानेच उपचार घेतले, तर खाजवून खरूज काढल्यासारखेच होते.

नागीण कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि आग होते. तिने वेटोळे पूर्ण केले की माणूस जातो, ही समजूत निव्वळ भीती आहे. मात्र विषाणूविरोधी औषध फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर उत्तम. ते तीन दिवस ट्यूब चोळण्यात घालवू नयेत.

न खाजणारा डाग

खाजणारा डाग माणसाला दवाखान्यापर्यंत नेतो तरी. न खाजणाऱ्या डागाकडे कुणी बघत नाही. फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर स्पर्श, गरम-थंड कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घेतले की रोग बरा होतो आणि वेळेत घेतले तर व्यंगही येत नाही.

घरातला औषधांचा डबा उघडा आणि अर्धवट पिळलेल्या ट्यूबांवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी ते तुमच्यासाठी, सध्याच्याच दुखण्याला लिहून दिलेले नसेल, तर ती ट्यूब टाकून द्या. आणि अंगावर डाग असेल तर लाज बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. दुकानदाराने न विचारलेले सगळे प्रश्न ते विचारतील.